दातांवरची झाकणं

"आजा मासे आणायचा, बाप मासे आणायचा, मी जन्मभर मासे आणले. आणि आमची ही? पाणी आणते. तेही खारं!"

म्हातारा हे नावेच्या इंजिनाला ऐकवत होता. पण आवाज असा बेतलेला, की पुढच्या टोकाला बसलेल्या लेकीच्या कानी शब्द न् शब्द पडावा.

लेकीने हातमोजे चढवले, बाटली नंबर चार पाण्यात बुडवली. "बाबा, इंजिन बंद करा. आणि शिंकायचं असेल तर पलीकडे तोंड करून."

"आता समुद्रात शिंकायलाही परवानगी काढा," तो म्हणाला आणि पलीकडे तोंड करून शिंकला.

लेक प्रयोगशाळेत कामाला होती. मासा पाण्यातून गेला की मागे काहीतरी सोडून जातो: अंगाचा चिकटा, कातडीचे कण. पाणी गाळायचं, गाळणीवर उरेल ते यंत्राला द्यायचं, की यंत्र सांगतं कोण येऊन गेलं. तिने हे घरी समजावलं तेव्हा आई लगेच म्हणाली, "म्हणजे तुझे बाबा आंघोळ करून गेले की मोरी सांगते, तसंच ना?" याहून सोपं करून प्रयोगशाळेतल्या मॅडमनाही सांगता आलं नसतं.

लेक शोधत होती करवत मासा. तोंडापुढे हातभर लांब, दोन्हीकडे दात असलेली करवत घेऊन हिंडणारा. सव्वीस वर्षांपूर्वी याच खाडीच्या तोंडाशी तो म्हाताऱ्याच्या जाळ्यात अडकला होता. फोटो काढायला अख्खं बंदर लोटलं. करवत घरात दर्शनी भिंतीवर लागली. त्यानंतर करवत मासा कुणालाच दिसला नाही. आठ वर्षांपूर्वी एक साहेब वही घेऊन आले, सगळं उतरवून घेतलं, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता एक शब्द सहज बोलून गेले. त्या दिवशी म्हातारा जेवला नाही. एक मासा नव्हे, आपण त्याचं कूळच बुडवलं, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

आईने त्या दिवसापासून तो शब्द घरातून हद्दपार केला. ताटातला घास 'उरलेला' झाला. रात्रीची बस 'जिच्यामागे दुसरी नाही ती बस' झाली. करवत मात्र भिंतीवरच राहिली. काढायची, तर का काढतोय ते बोलावं लागलं असतं.

मागच्या खेपेला आनंदाचा बार उडता उडता फुसका निघाला होता. अकरा बाटल्या समुद्राच्या, आणि बारावी कोरी. कोरी म्हणजे प्रयोगशाळेतलं स्वच्छ पाणी; सगळ्या प्रवासात नुसतं सोबत न्यायचं. तिच्यात काही सापडलं, तर मासा समुद्रात नाही, आपल्याच हाताला लागून आलाय. यंत्राने अकराही बाटल्यांत करवत मासा दाखवला. लेक खुर्चीवरून उडालीच. मॅडम एवढंच म्हणाल्या, "कोरीतही आहे गं."

लेक तोंड पाडून घरी आली. पाणी प्यायला तांब्या उचलला आणि नजर भिंतीकडे गेली. पुढच्या खेपेसाठी धुतलेली बारा झाकणं करवतीच्या बारा दातांवर ओळीने वाळत होती.

"आई!"

"अगं, ताटात ठेवली की पाणी साचतं त्यांत. आणि दात काय, रिकामेच होते," आई म्हणाली. "मागच्या वेळीही तिथेच वाळवली की."

मायलेकी पोट धरून हसल्या. म्हातारा हसला नाही. तो उठला, करवत स्वतः उतरवली, मागच्या पडवीत पोत्यात गुंडाळून ठेवली. मग साबणाने तीनदा हात धुतले. आई पाणी ओतत होती. "लग्नाच्या दिवशीही मला कुणी एवढं घासलं नव्हतं," तो पुटपुटला.

म्हणून या खेपेला बाटल्या नि झाकणं प्रयोगशाळेतून थेट नावेत आली. लेक आठवडाभर मावशीकडे राहिली. म्हाताऱ्याला नवा कोरा रेनकोट मिळाला आणि बाटल्यांपासून चार हात लांब राहायची तंबी.

दोन आठवड्यांनी, भर दुपारी लेक कागद घेऊन घरी आली. म्हातारा अंगणात जाळं विणत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"कोरी?" त्याने विचारलं.

"कोरीत काही नाही."

"बरं." त्याने एक गाठ मारली. "मग बाकीच्यांतही नसेल."

"दहांत नाही. चौथीत आहे."

गाठ अर्धीच राहिली. "मी शिंकलो होतो तेव्हा."

"तुम्ही शिंकलात तर यंत्र माणूस दाखवेल, बाबा. मासा नाही."

"झाकण नीट..."

"झाकण घरात आलंच नव्हतं. तीनदा तपासलंय. मॅडमनी स्वतः."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले. पण आठ वर्षं न वापरलेला शब्द, सापडेना. लेकीलाही तो टाळायची सवय लागलेली होती.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हात पदराला पुसले, भिंतीवरच्या करवतीच्या आकाराच्या फिकट डागाकडे एकदा पाहिलं आणि सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, ऐकलंत का? तुमचा तो शेवटचा नव्हता!"