परवानगीचा शब्द

कुणीतरी कुंपणावरून अंगणात मटणाचा तुकडा टाकला होता आणि बुंदी त्याच्यासमोर लाळ गाळत, शेपटी हलवत बसली होती. स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहताच सुनेत्रा हलकेच अंगणात उतरली. असेच तुकडे खाऊन कालपासून कॉलनीतली दोन कुत्री तडफडून मेली होती.

"जेव" म्हटल्याशिवाय कशालाही तोंड लावायचं नाही, हे तिनेच दोन महिने खपून बुंदीला शिकवलं होतं. खाणं समोर असलं की बुंदी दुसरी कुठलीही हाक ऐकायची नाही. तो शब्द मात्र तिला कुणाच्याही तोंडचा चालायचा. सासऱ्यांनी, अप्पांनी, सवयीने "जेवलीस का गं?" विचारलं, तरी ती ताटलीवर तुटून पडायची. त्यावरून सुनेत्राने त्यांना कितीदा टोकलं होतं.

आता ओसरीवर बसलेल्या अप्पांनाही तो तुकडा दिसला. त्यांनी हात स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला. सुनेत्रा पाऊल न वाजवता पुढे सरकत होती. धावली असती तर बुंदीला खेळ वाटला असता आणि तिने तुकडा पळवला असता. चार पावलं राहिली, मग दोन. आता फक्त वाकून उचलायचाच बाकी होता.

तेवढ्यात शेजारच्या पेडणेकरकाकूंनी कुंपणापलीकडून रोजच्यासारखी मायेने चौकशी केली, "काय सुनेत्रा, जेवलीस का?"

बुंदीने एकदा सुनेत्राकडे पाहिलं आणि शहाण्यासारखी मान खाली घालून तुकडा तोंडात घेतला.