सुइणीचं सोयर

भागुबाईनं पेटी आरोग्य केंद्रातल्या टेबलावर ठेवली आणि यापुढं माझ्याच्यानं व्हायचं नाय, असं सांगून मोकळी झाली. सरकारनं सुइणींना दिलेली ॲल्युमिनियमची पेटी ती. आत साबण, दोरा, ब्लेड, सगळं जागच्या जागी.

मोहिनी सिस्टर वैतागली. हरसूलच्या वरच्या अंगाला आठ पाडे, आणि सगळे या म्हातारीच्या भरवशावर. तिनं अंग काढून घेतलं तर तीही बाळंतपणं आपल्याच गळ्यात पडणार. सकाळीच एक उरकून मोहिनी जरा खुर्चीला टेकली होती. मुलगा की मुलगी, हेही तिनं पाहिलं नव्हतं. आयानं सांगितलं ते लिहिलं. नाशिकहून नवी आली तेव्हा बाळाचा पहिला टाहो ऐकला की तिच्या अंगावर काटा यायचा. आता पुढची कोण, एवढंच.

तिनं म्हातारीला आधी दामटलं, मग चुचकारलं. सुइणींच्या शिबिरात तुम्हीच सगळ्यांत हुशार होतात, अशी आठवण दिली. नवरा बोलतो का, सून त्रास देते का, तेही विचारून झालं. भागुबाई नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली,

"बाई, पोर हातात येतं, पन मला काय वाटतच नाय. लाकूड उचलावं तसं उचलते. परवा बाळंतीन वरडत व्हती न् मी बसल्या जागी झोपले. अशानं कुनी मरंल माझ्या हातनं."

मोहिनीनं खुर्ची जवळ ओढली. असं कधीपासून होतंय, तिनं हळूच विचारलं.

"तू सोयर मोडाया लावलं तवापासनं."

पाड्यांवरची रीत अशी होती, की बाळंतिणीबरोबर सुईणही पाच दिवस सोयरात. तिनं चुलीला शिवायचं नाही, शेतात जायचं नाही, दुसऱ्या बाळंतपणाला तर नाहीच नाही. जेवण बाळंतिणीच्या घरून. मध्येच कुणी अडली, तर पलीकडच्या पाड्यावरची झुंबरबाई जायची. हे सगळं थोतांड आहे, असं मोहिनीनंच दोन वर्षांपूर्वी शिबिरात ठणकावलं होतं. दहा सुइणींनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन सोयर पाळलं. ऐकलं ते एकट्या भागुबाईनं. तेव्हापासून आठही पाड्यांची बोलावणी तिच्याकडंच येऊ लागली.

"त्या पाच दिसांत मी लय झोपायची," भागुबाई म्हणाली.

मोहिनीला स्वतःची लाज वाटली. तिनं पेटी म्हातारीकडं सरकवली. विटाळबिटाळ काही नसतो, पण पाच दिवस खुशाल सोयर धरा, कुणी बोलवायला आलं तरी उठू नका, झुंबरबाईशी मी बोलते, असं तिनं सांगितलं. भागुबाई पेटी काखेत मारून पाड्याकडं निघाली.

मोहिनीनं शेजारच्या केंद्रावरच्या नर्सला फोन करून पाच दिवसांची सोय लावली आणि कागद घेऊन डॉक्टरांपुढं उभी राहिली. तीन वर्षांतला तिचा पहिलाच रजेचा अर्ज. डॉक्टरांनी वाचला. कारणाच्या जागी एकच शब्द होता: सोयर. ते हसले, पेढे कुठायत म्हणाले, आणि घरात कोण बाळंत झालं ते विचारलं.

"घरात कुणी नाही, सर," मोहिनी म्हणाली. "या महिन्यात चौदा जणी."