मूठभर मिठाचं पाप

पांढुर्ण्याच्या चर्चमध्ये रूथबाई पापनिवेदनाला बसल्या.

"फादर, पाहुणे आले तवा जाऊच्या रश्श्यात मी मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. तवापासून माह्या घशाखाली घास नाही उतरून राहिला जी."

"प्रभूनं क्षमा केली. एकदा प्रार्थना म्हणा आणि शांत मनानं घरी जा."

"बस, येवढंच? कडक उपास तरी सांगा! तिगावपर्यंत अनवाणी जाईन."

"बाई, क्षमा कमवावी लागत नाही. मनापासून मागेल त्या प्रत्येकाला ती फुकट मिळते."

रूथबाईंचे डोळे भरून आले. पदरानं ते टिपत त्या निघाल्या, पण दारातूनच परत फिरल्या.

"प्रत्येकाले? म्हणजे आमच्या जाऊनं मागितली तर तिलेही?"

"तिलाही."

रूथबाईंनी पुन्हा गुडघे टेकले.

"मंग असं करा फादर, आम्हा दोघींलेही उपासच सांगा."