मॅचमधली सारंगी

त्या काळी मोठा पुढारी गेला की रेडिओ सगळे कार्यक्रम थांबवून सारंगी लावायचा. त्यामुळे सारंगी म्हणजे दुखवटा, हे मोहाडीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. भय्याजींच्या मुलीच्या लग्नादिवशी मांडवात क्रिकेटची कॉमेंट्री रंगली होती, भंडाऱ्याहून वऱ्हाडाची बस निघाली होती, आणि अचानक कॉमेंट्री थांबून सारंगी सुरू झाली.

वाजंत्र्यांनी सनई खाली ठेवली. भय्याजी रेडिओकडे धावले. "कोन गेलं रे बाप्पा? आता सारं बंद होईन! पोरीले हळद लागली, लगन कसं लागन?"

"पयले तो रेडिओ बंद करा, पाप लागन!" बायको निर्मलाबाई ओरडली. पण गडबडीत भय्याजींना बटणच सापडेना. म्हणून निवेदिकेचा गोड आवाज सगळ्यांना ऐकू आला, "क्रिकेटप्रेमींना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी, म्हणून आजपासून उपाहाराच्या वेळेत सारंगीवादन."

मांडव पोट धरून हसला.

तासाभरानं, वऱ्हाडाला आणायला वरठीपर्यंत गेलेला भाचा जागेश्वर सायकलवरून एकटाच परतला. "मामाजी, वऱ्हाड अर्ध्या वाटेतून माघारी गेलं. सारंगी लागल्याबरोबर त्यायनं बसमधला रेडिओ बंद केला."