भिंतीकडे तोंड

"पायरी उंच आहे, सांभाळून," आजी मागून म्हणाली. ताबेआचा पाय अजून अंधारातच चाचपडत होता.

पायरी खरंच उंच निघाली. पुढच्या हेन्नरने वळून हळूच विचारलं, "तुझी आजी कैदेत होती का गं इथं?"

ताबेआला ठाऊक नव्हतं. पूर्व-पश्चिम असा फाळलेला देश एक होण्याआधी तू काय करायचीस, असं विचारलं की आजी "सरकारी नोकरी" एवढंच म्हणायची आणि उठून चहा ठेवायची. माग्डेबुर्गचा हा जुना तुरुंग बघायला नववीचा वर्ग निघाला होता. ऐनवेळी एका शिक्षकांचा पाय मोडला. सोबतीला दुसरं मोठं माणूस मिळेना, सहल रद्द व्हायची वेळ आली. आजीने दोनदा नकार दिला होता. ताबेआ रडकुंडीला आली तेव्हा कुठे ती तयार झाली.

आता ताबेआला त्या नकाराचा अर्थ लागला. इतकी वर्षं एकटीनेच गिळून बसली बिचारी. तिने आजीचा हात घट्ट धरला. तो गारठलेला होता.

माहिती सांगणाऱ्या मार्गितबाईंनी साठी ओलांडली होती. बाविसाव्या वर्षी त्या पश्चिमेकडे पळून जाताना पकडल्या गेल्या आणि चौदा महिने याच तळघरात राहिल्या. हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. इथे कुणाला नाव नसायचं, नुसता नंबर. एका कैद्याने दुसऱ्याला पाहू नये म्हणून बोळात लाल दिवा लावत. तो लागला की असाल तिथे भिंतीकडे तोंड करायचं, हात मागे घ्यायचे. पहारेकरणींकडे बघायचीही मनाई होती.

"त्यामुळे चेहरा एकीचाही आठवत नाही मला," त्या म्हणाल्या. मग मुलांना विचारलं, "करून बघायचंय?"

मुलं खुसखुसत रांगेत उभी राहिली. आजी ताबेआच्या मागे, काळोखात होती. मार्गितबाईंनी बटण दाबलं. बोळ लाल झाला. ताबेआने आजीचा हात सोडला आणि सगळ्यांबरोबर भिंतीकडे वळली. हेन्नरने तिला कोपरखळी मारली. हसू दाबत तिने तिरक्या नजरेने मागे पाहिलं.

आजी वळलीच नव्हती. ती बोळाच्या मधोमध उभी होती, पाय फाकून. गुडघेदुखीने कायम वाकलेली तिची पाठ ताठ झाली होती. ती रांगेवरून नजर फिरवत होती, आणि ती नजर ताबेआवर येऊन थांबली.

"सात नंबर. नजर भिंतीकडे."

आवाज मोठा नव्हता. पण असा आवाज ताबेआने घरात कधी ऐकला नव्हता. तिची मान आपोआप वळली. रांगेत ती सातवी होती, हे नंतर तिच्या लक्षात आलं. खुसखुस थांबली. आपण भिंतीवरचे पोपडे मोजतोय, एवढंच तिला कळत होतं.

मिनिटभराने दिवा आपोआप विझला आणि साधे दिवे लागले. मुलं एकेक करून वळली. आजीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

सगळे बघत होते बटणाकडे. तिथे मार्गितबाई कपाळ भिंतीला टेकवून, हात मागे घेऊन उभ्या होत्या, आणि दिवा विझला तरी त्या वळत नव्हत्या.