चणे रात्री भिजत घालायचे

महाडच्या स्टँडवर उतरल्यावर कुशाबा बायकोला म्हणाला, "काय खायाचं तुला, सांग."

राहीबाईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग रस्त्यापलीकडे हात केला. तिथं नवीन हॉटेल उघडलं होतं. दाराला उद्घाटनाची झेंडूची माळ अजून लटकत होती, सुकलेली. कुशाबाने पाटीवरची अक्षरं जुळवून वाचली. 'मेडिटेरेनियन ग्रिल' म्हणताना तो दोनदा अडखळला.

पोलादपूरची गाडी यायला तास होता. तिथून पुढं उमरठपर्यंत दुसरी गाडी. काल मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी कुशाबाला एकट्यालाच आत बोलावलं होतं. आता इंजेक्शनं पुरे, ते म्हणाले, घरी न्या आणि त्यांना आवडेल ते खाऊ घाला. राहीबाई बाहेर बाकावर बसली होती. तिला त्याने सांगितलं की औषध लागू पडलंय, आता मुंबईच्या खेपा संपल्या. मुंबईतल्या मुलालाही, रितेशला, त्याने बजावलं, आईसमोर तोंड पाडून बसायचं नाय.

आत एमआयडीसीतली पोरं-पोरी बसली होती, गळ्यात कंपनीची कार्डं अडकवून. कुशाबाला आत शिरायला संकोच वाटला. टोपी काढावी की ठेवावी, हे त्याला कळेना. राहीबाई मात्र सरळ जाऊन खुर्चीवर टेकली आणि धाप कमी होईपर्यंत टेबलाची काच न्याहाळत राहिली.

मालकीण स्वतःच विचारायला आली. स्नेहल तिचं नाव. ती आणि तिचा नवरा दहा वर्षं मस्कतला हॉटेलात होते, गेल्याच महिन्यात परत येऊन त्यांनी हे सुरू केलं होतं. नवरा काचेपलीकडे शेगडीसमोर उभा होता. राहीबाईने तिला विचारलं, पाटीवर लिहिलंय ते गाव कुठं आलं. गाव नाही मावशी, समुद्र आहे, स्नेहल म्हणाली, त्याच्या काठावरच्या देशांत असलं खातात. कुशाबाने हळूच सांगितलं, काहीतरी मऊ द्या, हिला गिळायला त्रास होतो.

त्याच्यासाठी सळईवर भाजलेली कोंबडी आली. राहीबाईपुढे एक पसरट ताटली आली. तीत पिवळसर, लोण्यासारखं काहीतरी पसरलेलं, मधोमध खळगा करून तेल ओतलेलं. सोबत गरम रोटी. राहीबाईने रोटी बाजूला ठेवली, ते बोटावर घेतलं आणि गिळलं. बऱ्याच दिवसांनी घास न अडकता उतरला. मग दुसरं बोट भरून घेतलं, ते अंगठ्याने चोळून बघितलं, नाकाशी नेलं.

"चणे हायत," ती म्हणाली. "तीळ वाटून घातल्यात. लसूण, लिंबू."

स्नेहल थक्क झाली. आतापर्यंत जो तो तिला श्रीखंड आहे का म्हणून विचारत होता. राहीबाईने विचारलं तशी तिने उभ्या उभ्या सगळी कृती सांगितली. चणे रात्री भिजत घालायचे. सकाळी चिमूटभर सोडा टाकून इतके शिजवायचे की बोटाने चेचले गेले पाहिजेत. तीळ मंद भाजायचे, काळपट झाले तर कडू होतं. वाटताना गार पाणी घालायचं, तेही थोडं थोडं.

कुशाबा सळईवरचा तुकडा सोडवण्यात गुंतला होता. राहीबाईने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"तुम्ही ऐका. मला सांगून काय उपेग? तुम्हाला जमंल हे. फोडणी-बिडणी काय नाय यात, हात भाजायचा नाय."

"बरी झालीस की तूच कर," कुशाबा म्हणाला.

"अडतीस वर्सांत कधी इचारलं व्हतं का, काय खायाचं म्हणून?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "स्टँडवर इचारलंत, तवाच समजलं मला."

स्नेहल गुमान दुसऱ्या टेबलाकडे निघून गेली.

कालपासून तो मनातल्या मनात घोकत होता, हिला कळता कामा नये. रात्रभर त्याने डोळा लावला नव्हता. आणि ही सकाळपासून गाडीत खिडकीशी बसून मुकाट बाहेर बघत आली होती. खांद्यावरच्या टॉवेलने त्याने तोंड पुसलं, घाम पुसावा तसं, आणि बराच वेळ पुसतच राहिला. पलीकडच्या टेबलावर पोरी कशालाशी हसत होत्या.

त्याने उभ्या जन्मात चूल पेटवली नव्हती. ती माहेरी गेली की तो भावजयीकडे, प्रयागबाईकडे जेवायचा.

"प्रयागबाईकडं चार दिस बरं वाटंल," राहीबाई म्हणाली. "रोज उठून कोण घालतंय? सांगा बघू आता. चणे कधी भिजवायचे?"

"रात्री," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडून सगळं म्हणून घेतलं. पहिल्यांदा तो तीळ विसरला. दुसऱ्यांदा लिंबू. पोलादपूरची गाडी स्टँडात शिरताना काचेतून दोघांनाही दिसली, पण उठलं कोणीच नाही. तिसऱ्यांदा त्याने सोड्यापासून गार पाण्यापर्यंत सगळं न चुकता सांगितलं आणि शाळेतल्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आन् मीठ?" त्याने विचारलं. "मीठ किती घालायचं?"

"ते नका इचारू मला," राहीबाई म्हणाली. "गणपतीपासनं जिभेला चवच नाय. तुमच्या कालवणात पण अंदाजानंच घालीत व्हते."

तिने ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"चाखा तुम्ही."