उच्चार-मार्गदर्शन

"थांब, थांब," ग्रॅहमने पियानोवाल्याला हात दाखवला. "ट्रूडी, गाणं छान आहे. आवाजही छान आहे. पण तू चिनी वाटत नाहीस."

ट्रूडी क्वॉनहॉय रंगमंचाच्या मधोमध उभी होती. तिच्या खापरपणजोबांनी बेंडिगोच्या मातीत पहिली कुदळ मारली तेव्हा दिग्दर्शकसाहेबांचे पूर्वज अजून लिव्हरपूलला बटाटे सोलत होते. चिनी वाटायचं म्हणजे आणखी काय करायचं, हे तिला कळेना.

"तू बोलतेस अगदी आपल्यासारखी," ग्रॅहम म्हणाला. "नाटकातली लोटस आपल्यासारखी कशी बोलेल?"

"मी इथलीच आहे, ग्रॅहम."

"तेच तर. शॅरनला बघ, तिला कसं जमतं."

विंगेत बसलेल्या निळ्या डोळ्यांच्या शॅरनने लगेच दोन ओळी करून दाखवल्या. र दिसला की तिथे ल घातला आणि हात जोडून चार वेळा कमरेत वाकली. सगळे हसले. पियानोवालाही हसला, ते ट्रूडीला जास्त लागलं. ग्रॅहमने गुरुवारपर्यंत मुदत दिली. तोवर जमलं नाही तर लोटस शॅरनची. डोळ्यांचं काय, ते पेन्सिलीने करता येईल.

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. या देशात गोरे उतरले त्याला दोनशे वर्षं झाल्याच्या सोहळ्यासाठी हे संगीत नाटक बसत होतं, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सोन्याच्या खाणींवरचं. खरं तर त्या काळी आमच्या खाणींवर चिनी बाई औषधालाही सापडली नसती. पण ग्रॅहम पंधरा दिवस थायलंडला राहून आला होता आणि त्याला लोटस नावाची चहावाली हवीच होती. आता त्याच्याशी कोण डोकं लावणार? लोटसला एक अख्खं गाणं होतं. ट्रूडी दिवसभर पोस्टात शिक्के मारायची आणि नऊ वर्षं या हौशी मंडळींच्या नाटकांत मागच्या रांगेत उभी राहायची. कधी नन, कधी खलाशी. एकदा तर अडीच तास नुसता दोर ओढला. एकटीचं गाणं पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं आणि ते हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं.

मग ती चिनी उच्चार शोधायला निघाली. वैताग असा की तो घरात कुणाकडेच नव्हता. बाबा गुरांच्या बाजारातल्या लिलाववाल्यासारखे बोलायचे. आई बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी. पाल स्ट्रीटवरच्या चिनी खानावळीचा मालक तेवढा बाहेरून आलेला, मलेशियाहून, तर त्याचं इंग्रजी ग्रॅहमपेक्षाही शुद्ध. उरले आजोबा. लेन क्वॉनहॉय, वय चौऱ्याहत्तर, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त. जन्म इथला, शाळा इथली, शिव्याही इथल्याच.

आजोबा परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. विचारताना ट्रूडीची मान वर होत नव्हती.

"तुला नाही आलं तर त्या दुसरीला देणार?" आजोबांनी विचारलं.

"हो."

"ती करते तसं कर की मग."

"आजोबा, तिचं मला बघवत नाही. आपल्या माणसाकडून शिकले तर निदान खरं तरी असेल."

आजोबांनी सुतळीचा गुंडा खाली ठेवला. "ओळ सांग."

"रात्र सरली, तरी घर दूर राहिलं."

आजोबांनी एकदम चिरका, पोरकट आवाज काढला. त्यांच्या जाड आवाजातून असा आवाज निघू शकतो हे ट्रूडीला माहीतच नव्हतं. "लात्ल सलली, तली घल दूल लाहिलं." एकही र सुटला नाही. मधेच एक हेल असा काढला की त्यापुढे शॅरन म्हणजे अगदीच कच्ची.

ट्रूडी बघतच राहिली. "पणजोबा असे बोलायचे?"

"पाठ कर," आजोबा म्हणाले आणि पुन्हा रोपांकडे वळले. त्यांचे कान लालभडक झाले होते. उन्हाने असतील, असं तिला वाटलं.

गुरुवारी तिने गाणं तसं म्हटलं. आपलंच गाणं आपण चावून थुंकतोय असं तिला होत होतं, पण सोडलं नाही. शेवटचा सूर संपला आणि ग्रॅहम खुर्चीवरून उठला.

"याला म्हणतात अस्सल," तो म्हणाला. "लोटस तुझी. कुणी शिकवलं?"

ट्रूडीने मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे आजोबा मांडीवर टोपी ठेवून बसले होते. नातीचं पहिलं गाणं ऐकायला इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

ग्रॅहम कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद घेऊन लगबगीने त्यांच्याकडे गेला. "हे उद्या छापायला जातंय, आजोबा. यात तुमचं नाव हवंच. 'चिनी उच्चार-मार्गदर्शन' आणि पुढे तुम्ही. स्पेलिंग तेवढं तुम्हीच लिहा. तुमच्या लोकांच्या नावात आमची नेहमी चूक होते."

आजोबांनी चष्मा लावला. पेन्सिल घेतली. वळणदार अक्षरात सावकाश नाव लिहिलं आणि कागद परत दिला.

ग्रॅहमने वाचलं. "ब्रायन डन्स्टन? हा कोण?"

"चौथीत माझ्या मागच्या बाकावर बसायचा," आजोबा म्हणाले. "आमच्या घरात असं कुणीच कधी बोललं नाही. मला त्याने शिकवलं, रोज मधल्या सुट्टीत."